संयुगाला नाव देताना आधी धातू शोधा

सूत्र समोर आलं की मुलं लगेच ‘डाय’ (दोन), ‘ट्राय’ (तीन) असे अणू मोजायला लागतात आणि तिथंच फसतात. मोजणी नंतर. आधी एवढंच बघायचं, की यात धातू आहे का?

धातू असेल तर त्याचं नाव आहे तसं आधी घ्या. मग अधातूची शेपटी बदला. क्लोरीनचं क्लोराइड, ऑक्सिजनचं ऑक्साइड, सल्फरचं सल्फाइड. मीठ म्हणजे सोडिअम क्लोराइड. एका मॅग्नेशिअमला दोन क्लोरीन चिकटले, तरी नाव मॅग्नेशिअम क्लोराइडच. मॅग्नेशिअमवर कायम +२ प्रभार (विद्युतभार), क्लोराइडवर −१, म्हणजे बेरीज शून्य व्हायला दोन लागणारच. ठरलेली गोष्ट नावात कशाला सांगायची?

लोह, तांबं, मँगनीज मात्र प्रभार बदलतात. तो नावात कंसात लिहायचा. पुस्तकात हा आकडा रोमन अंकांत छापतात. टॉर्चच्या साध्या सेलमधली काळी पूड घ्या. तिच्यात एका मँगनीजला दोन ऑक्सिजन असतात. ऑक्साइडचा प्रभार −२, दोघांचा मिळून −४, म्हणून मँगनीजवर +४. नाव झालं मँगनीज (४) ऑक्साइड. सूत्रात चार अणू कशाचेच नाहीत, हे नीट बघा. कंसातला आकडा अणूंची संख्या सांगत नाही. (दुकानात आणि प्रयोगशाळेत सगळे तिला मँगनीज डायऑक्साइडच म्हणतात. नियमाला धरून नसलं तरी ते नाव रुळलंय.) जुन्या पुस्तकांतलं फेरस म्हणजे लोह +२, फेरिक म्हणजे +३.

पुढची पायरी पाठांतराची, तिला पळवाट नाही. सल्फेट, नायट्रेट, कार्बोनेट, हायड्रॉक्साइड हे अणूंचे गट एकत्रच राहतात आणि आपलं नाव सोडत नाहीत. सल्फेटमध्ये चार ऑक्सिजन, सल्फाइटमध्ये तीन, सल्फाइडमध्ये एकही नाही. सरावाला किराणा दुकान किंवा शेतीसेवा केंद्र पुरतं. मोरचूद कॉपर सल्फेट, हिराकस फेरस सल्फेट, धुण्याचा सोडा सोडिअम कार्बोनेट. ‘मोरचूद’ ऐकून आत तांबं आहे हे कुणाला कळणार? युरोपातली जुनी नावंही अशीच मुकी होती. म्हणून १७८७ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए, ग्वितों द मोर्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅरिसमध्ये घटक सांगणारी नावं मांडली.

धातू नसेल, तेव्हाच मोजा. मोनो म्हणजे एक, डाय दोन, ट्राय तीन, टेट्रा चार, पेंटा पाच. पहिल्या मूलद्रव्याला ‘मोनो’ लावत नाहीत. कार्बन डायऑक्साइड सोडावॉटरमध्ये असतो. कोंदट खोलीत शेगडी पेटवली की जीव घेतो तो कार्बन मोनॉक्साइड. फरक एका ऑक्सिजनचा. नवसागरात मात्र धातू नाही, तरी मोजायचं नाही. त्यातला अमोनिअम हा अणूंचा गट धातूसारखा वागतो, म्हणून अमोनिअम क्लोराइड.

शेवटी उलटं करून बघा, नावावरून सूत्र लिहा. ॲल्युमिनिअम +३, सल्फेट −२. प्रभार सहावर जुळतो, म्हणजे दोन ॲल्युमिनिअम आणि तीन सल्फेट. यातलं नावात काहीच येत नाही, नाव नुसतं ॲल्युमिनिअम सल्फेट.