खानदेशच्या उन्हात टिकणारं व्हॅनिला बटरक्रीम

बटरक्रीमच्या बहुतेक कृतींची सुरुवात एकाच वाक्याने होते: बटर तासभर फ्रिजबाहेर ठेवा. पुस्तकातलं घर थंड देशातलं असतं, तिथे हे चालतं. मे महिन्यात भुसावळला किंवा जळगावला बटर तासभर ओट्यावर ठेवलं तर वाटीत तूप-पाणीच उरेल. बटर 32 ते 35 अंशांच्या आसपास वितळायला लागतं आणि फेटण्यासाठी ते 18 ते 21 अंशांवर असावं लागतं. म्हणून घड्याळ बघू नका, बोटाने दाबून बघा. खळगा पडला पाहिजे, पण बोट तुपकट होता कामा नये. उन्हाळ्यात त्याला 10 ते 15 मिनिटं पुरतात. बटरचे तुकडे करून ठेवले तर आत-बाहेर सारखं मऊ होतं.

सात इंची दोन थरांच्या केकला किंवा डझनभर कपकेकना पुरेल असं प्रमाण: बिनमिठाचं बटर 200 ग्रॅम, आयसिंग शुगर 400 ग्रॅम, थंड दूध 1 ते 2 मोठे चमचे, व्हॅनिला इसेन्स दीड छोटा चमचा, मीठ चिमूटभर. पोळीला लावायचं पिवळं, खारं बटर इथे नको. एवढ्या साखरेतही त्याचा खारटपणा लपत नाही.

घरचं लोणी चालतं, पण साय विरजून काढलेलं आंबूस लागतं. न विरजलेल्या सायीचं लोणी घ्या. बर्फाच्या पाण्यात ते तीन-चारदा धुवा, पाणी नितळ येईपर्यंत. मग स्वच्छ फडक्यात बांधून घट्ट पिळा. ताकाचा अंश राहिला की क्रीम हमखास फाटतं.

आयसिंग शुगर आणलेली असली तरी चाळाच. घरी करायची तर 400 ग्रॅम साखरेला 2 मोठे चमचे कॉर्नफ्लोअर घालून थोडी थोडी दळा आणि मलमलीतून किंवा मैद्याच्या चाळणीतून काढा. मिक्सरमधून निघालेली साखर गरम असते. ती तशीच घातली तर बटर वितळतं, म्हणून ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. कूलर लावलेल्या खोलीत मात्र ती उघडी ठेवू नका. ओलसर हवेने तिचे खडे होतात.

आता फेटणं. स्टीलचं पातेलं आणि बीटरची पाती 10 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. आधी नुसतं बटर मध्यम वेगावर 5 ते 7 मिनिटं फेटा, पिवळेपणा जाऊन ते जवळजवळ पांढरं होईस्तोवर. घाई सगळ्यात जास्त इथेच होते आणि क्रीम जड, पिवळं राहतं. मग साखर तीन-चार वेळा विभागून घाला. सुरुवातीला वेग अगदी कमी ठेवा, नाहीतर सगळ्या ओट्यावर पांढरा धुरळा. शेवटी मीठ, इसेन्स आणि एक चमचा दूध. दुसरा चमचा गरज पडली तरच. दोन मिनिटं जोरात फेटा आणि मग दोन मिनिटं उलथन्याने हळू दाबत फिरवा, म्हणजे हवेचे बुडबुडे जातात आणि केकवर पृष्ठभाग गुळगुळीत बसतो. पांढरंशुभ्र हवं असेल तर रंगहीन इसेन्स घ्या. रंग घालायचा तर जेलचा, पाण्याचा नको.

बटरक्रीम पातळ झालं की लोक आणखी साखर ओततात. त्याने दात शिवशिवतील इतकं गोड होतं आणि तरी घसरतच राहतं, कारण दोष साखरेचा नसून वितळलेल्या बटरचा असतो. भांडं 15 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि पुन्हा फेटा. फाटलेल्या दुधासारखे कण दिसले तर बहुतेक वेळा बटर किंवा दूध फार गार होतं. त्यातलं पाव क्रीम वेगळं काढून कोमट करा, वितळेल-न वितळेल इतपतच, आणि फेटता फेटता परत ओता. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे हे जास्त घडतं, तेव्हा पातेल्याखाली कोमट पाण्याची परात ठेवून फेटा. खाताना साखर कचकचली तर मात्र फारसा इलाज नाही. बटरमध्ये पाणी थोडंच असतं, जाड साखर त्यात विरघळत नाही. चमचाभर दूध घालून तासभर ठेवा, थोडा फरक पडेल.

एप्रिल ते जूनमध्ये 50 ग्रॅम बटरऐवजी तेवढंच वनस्पती तूप घाला. ते जास्त तापमानाला वितळतं, त्यामुळे नोझलने काढलेली फुलं टिकतात. जिभेवर थोडा मेणचट थर राहतो, हे खरं, म्हणून इतर महिन्यांत ही तडजोड नको. काम पहाटे उरकावं. पायपिंग बॅग तळहाताच्या उबेनेही सैल होते, तेव्हा ती अर्धीच भरा, उरलेलं क्रीम फ्रिजमध्ये राहू द्या.

केळी आपल्याकडे मुबलक, म्हणून केळ्याचा गर क्रीममध्ये घालायचा मोह होतो. त्यातल्या पाण्याने क्रीम फाटतं आणि रंगही काळवंडतो. केळं केकच्या पिठात घाला, क्रीम व्हॅनिलाचंच ठेवा.

उरलेलं बटरक्रीम हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये आठवडाभर, फ्रीजरमध्ये दोन महिने राहतं. वापरण्याआधी ते मऊ होऊ द्या आणि परत फेटा. सजवलेला केक जळगावहून भुसावळला न्यायचा तर आधी दोन तास फ्रिजमध्ये घट्ट करा, खोक्याशेजारी बर्फाची पिशवी ठेवा आणि दुपारचं ऊन टाळा.