कार्डावरचं चित्र: या चुका टाळा

माझ्याकडे कॉम्प्युटरवर चित्रं काढायला शिकायला येणारी मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "ताई, ब्रश कुठला वापरता?" ट्रेडिंग कार्डावर, म्हणजे जमवायच्या आणि खेळायच्या पत्त्यावर, चित्र छापून आलं की केवढं दिसतं, हे कुणी विचारत नाही. कार्ड ६३ × ८८ मिलिमीटरचं. 'मॅजिक: द गॅदरिंग' या खेळाच्या नेहमीच्या कार्डावर चित्राला जागा साधारण ५३ × ३९, म्हणजे काड्यापेटीपेक्षा जराशी मोठी. तरी मंडळी ४०० टक्के झूम करून चिलखताची एकेक कडी रंगवत बसतात. छापल्यावर त्या कड्यांची राख होते.

मी जुन्या लग्नपत्रिकेतून कार्डाच्या मापाची चौकट कापून ठेवली आहे. अर्ध्या-पाऊण तासाने चित्र लहान करून त्या चौकटीत बसवते आणि स्वयंपाकघरातून आईला बोलावते. "हे काय आहे गं?" ती "माणूस आहे, काठी घेतलेला" म्हणाली, तर भाला सुधारायचा. "छान आहे काहीतरी" म्हणाली, तर पहिल्यापासून सुरुवात.

दुसरी चूक माझी स्वतःची. किल्ल्यांवरच्या एका पत्त्यांच्या खेळासाठी सिंहगड करत होते. १६७०, फेब्रुवारीतली रात्र, मावळे कडा चढतायत. खोलीतला दिवा बंद, मॉनिटरचा ब्राइटनेस १००. निळ्या काळोखात दोर, ढाली, वर पोचलेल्यांच्या तलवारी, सगळं लख्ख दिसत होतं. नारायण पेठेतल्या छापखान्यात पहिला ताव निघाला. तिथल्या काकांनी तो ट्यूबलाइटखाली धरला, उलटा केला, सुलटा केला. "मॅडम, सिंह गेला ते माहितीये. गड कुठाय?"

डांबर दिसत होतं नुसतं. स्क्रीन स्वतः उजळते, कागद उजळत नाही. त्यात शाईचे ठिपके कागदावर फुगतात आणि गडद छटा एकमेकींत बुडतात. आरजीबीतला, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशातला, तो झळाळता निळा तर सीएमवायकेच्या, म्हणजे छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या अशा चार शायांतून निघतच नाही.

तेव्हापासून ब्राइटनेस निम्म्यावर, दिवा चालू. चित्र आधी काळं-पांढरं करून बघते. मावळा आणि कडा एकाच करड्या रंगाचे दिसले, तर रंगाला हात लावत नाही. मग अप्पा बळवंत चौकात जाऊन एक कलर प्रिंट काढते आणि दुकानाबाहेर उन्हात बघते. छापखान्यातल्या ऑफसेट मशीनचा रंग त्यात कळत नाही, पण गड दिसतो की नाही एवढं कळतं. याला घाईच्या लोकांकडे वेळ नसतो. तीन-तीनदा छापायला असतो.

ब्लीड, म्हणजे कापायच्या रेघेबाहेर जाणारं जादा चित्र, चारी बाजूंनी ३ मिलिमीटर सोडा, कापताना पातं सरकतंच. ब्लीड धरून ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ८१५ × १११० पिक्सेल होतात. मी दुप्पट घेते. लेयर, म्हणजे चित्राचे वेगवेगळे थर, मर्ज करून एक करून टाकू नका, "फक्त आकाश बदला" असा फोन येणारच. तीनशे ब्रशचा पॅक फुकट मिळाला असेल तर तसाच राहू द्या. मला दोन पुरतात, गोल आणि चपटा.

आणि चित्र आरशासारखं उलटवून तपासता ना? चांगली सवय आहे. परत सुलटं करायला विसरू नका. सिंहगड मी पुन्हा केला, कड्यामागे एक मशाल टाकली, दगडांच्या कडा उजळल्या. काकांनी नवा ताव बराच वेळ न्याहाळला.

"गड आला," म्हणाले. "पण सगळे मावळे डावखुरे कसे?"