इंजिनिअर असोसिएशनची निवडणूक लढवताय? या चुका टाळा

छाननीचा दिवस. अध्यक्षपदाचा एक अर्ज माझ्यासमोर होता. फोटो, सही, सूचकाचं नाव, सगळं व्यवस्थित. अनुमोदकाचं नाव वर्गणीच्या रजिस्टरमध्ये शोधलं, तर शेवटची पावती दोन वर्षांपूर्वीची. अनुमोदक तिथेच उभे होते. खिशात हात घालत म्हणाले, "आत्ता भरतो की साहेब, फाडा पावती." पावती फाडता आली असती, पण तिच्यावर तारीख त्या दिवशीची पडली असती. आमच्या संघटनेच्या घटनेनुसार (नियमावलीनुसार) वर्गणी महिनाभर आधी जमा असायला हवी होती. अर्ज बाद झाला. तो उमेदवार निवडून यायच्या लायकीचा होता, याचं मला आजही वाईट वाटतं.

सांगलीतल्या आमच्या संघटनेत मी दोनदा निवडणूक अधिकारी होतो. बहुतेक उमेदवार मतदानाच्या दिवशी हरत नाहीत, त्याच्या कितीतरी आधी हरतात, हे मी तिथे पाहिलं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घटना न वाचणं. आपण प्लॅन काढायच्या आधी नियमावली उघडतो, मग इथे का नाही? संस्था नोंदणी अधिनियम, 1860 च्या कलम 15 प्रमाणे तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकलेल्या सभासदाला मत देता येत नाही, त्याची गणनाही सभासदांत होत नाही. घटनेतल्या अटी याहून कडक असू शकतात. म्हणून उमेदवारी जाहीर करायच्या दोन महिने आधी खजिनदारांकडे बसा आणि यादी नावानिशी तपासा. कोण आजीव, कोण वार्षिक, कुणाची थकबाकी किती, कोण पुण्याला गेलं, कोण आता हयात नाही. आपल्या सूचक-अनुमोदकाच्या पावत्यांची झेरॉक्स अर्जासोबतच ठेवा. शक्य असेल तर दोन जादा सूचक तयार ठेवा. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्ससारख्या 1920 पासूनच्या देशव्यापी संस्थेच्या स्थानिक केंद्रासाठी उभे राहणार असाल, तर तिथले नियम मुख्यालयाचे. गावातल्या संघटनेचा अनुभव तिथे गृहीत धरू नका.

दुसरी चूक मला जास्त खुपते, कारण ती सभासदांचा विश्वास घालवते. आपल्या हातात नसलेली आश्वासनं. एका निवडणुकीत एका पॅनेलनं "पूररेषा बदलून आणू" असं छापलं होतं. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट. ज्यांनी तेव्हा घरातला चिखल उपसला, त्यांना पूररेषा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतल्या पुराची, आणि त्या आखतो जलसंपदा विभाग. निळ्या रेषेच्या आत इमारतीला मनाई, दोन रेषांच्या मधे जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा उंच ठेवण्यासारख्या अटी. यातलं काहीही आपली कार्यकारिणी ठराव करून बदलू शकत नाही. ते पॅनेल निवडून आलं आणि वर्षभर सभासद विचारत राहिले, "रेषेचं काय झालं?"

त्याऐवजी हे म्हणता येतं: पूररेषेलगतच्या भागात आपण स्वतः लेव्हल घेऊ, म्हणजे जमिनीची उंची मोजू, जिथे नकाशा आणि जमीन जुळत नाही तिथली कागदपत्रं करून विभागाला हरकत देऊ, जत-आटपाडीच्या सभासदाची बांधकाम परवानगी ऑनलाइन अडकली तर त्याच्यासोबत कार्यालयात जाणारा माणूस ठेवू. हे लहान वाटतं, पण करता येतं. इंजिनिअरांसाठी आर्किटेक्टांसारखा कायदा आणू, हे आश्वासनही पूररेषेसारखंच, आपल्या हातात नसलेलं. त्यांचा कायदा 1972 मध्ये संसदेनं केला. आपल्यासाठी पाठपुरावा जरूर करा, पण तीन वर्षांच्या मुदतीत आणू असा शब्द देऊ नका.

पॅनेल एकाच कॉलेजच्या बॅचमधून उभं करू नका. वालचंदची ओळख मोठीच आहे, पण मिरज-कुपवाडच्या एमआयडीसीतला मेकॅनिकलवाला आणि शिराळ्यात एकट्यानं प्रॅक्टिस करणारी इंजिनिअर यांना त्या यादीत आपलं कुणी दिसायला हवं. आणि महिलेचं नाव फक्त जागा भरायला घालायचं असेल तर घालूच नका.

प्रचार व्हॉट्सअॅपवर होतो, मत भेटीवर मिळतं. साइटवर जाऊन भेटा, फक्त स्लॅबच्या दिवशी नको. त्या दिवशी त्याचं लक्ष काँक्रीटवरच असायला हवं.

निकालात शंका वाटली तर मतपत्रिका सीलबंद व्हायच्या आत लेखी मागणी करा. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर केलेल्या तक्रारीला निवडणूक अधिकारी काहीही करू शकत नाही.

निवडून आलात तर आणखी एक. संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेली असेल, तर नव्या कार्यकारिणीचा बदल अर्ज 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. एकदा आमच्याकडे तो राहिला. बँकेनं नव्या सह्या घेतल्या नाहीत, आणि 15 सप्टेंबरच्या अभियंता दिनाच्या हॉलचा अॅडव्हान्स जुन्या अध्यक्षांच्या घरी जाऊन सही घेऊन द्यावा लागला. तेव्हापासून निकालाच्या संध्याकाळीच आम्ही ठराव, इतिवृत्त आणि संमतिपत्रांवर सगळ्यांच्या सह्या घेतो, हारतुरे त्यानंतर.