इतिहासाचं नवं पुस्तक सुचवण्याआधी

वाचनालयाच्या देवघेव खिडकीवर मी १८ वर्षं बसतेय. ‘इतिहासातलं काही नवीन आलंय का हो?’ हा प्रश्न दिवसाआड येतोच. सुरुवातीला मी नव्या आवकेतलं सगळ्यात जाड पुस्तक उचलून समोरच्याच्या हातात द्यायचे. एक निवृत्त इंजिनिअर सभासद आहेत, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. त्यांना एका साम्राज्याच्या पडझडीवरचं असंच ७०० पानी पुस्तक दिलं. मी स्वतः त्यातली दोनच प्रकरणं वाचली होती, बाकी भिस्त परीक्षणावर. चौथ्या दिवशी पुस्तक परत आलं. पान ६० वर खुणेचं बसचं तिकीट तसंच होतं. ‘यात करवसुली आहे, फौजा आहेत. माणूस कुठाय?’ काकांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या तिकिटानंतर मी ज्या सवयी लावून घेतल्या, त्या इथे लिहितेय.

पुस्तकाकडे वळण्याआधी माणसाला विचारून घ्या. ‘तुम्हाला काय आवडतं?’ असं मात्र विचारू नका. त्यावर सगळे ‘काहीही चालेल’ म्हणतात, आणि काहीही चालत नाही. ‘शेवटपर्यंत वाचलेलं शेवटचं पुस्तक कुठलं? आणि अर्ध्यात सोडलेलं?’ असं विचारा. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून जास्त कळतं. ‘नावं फार होती’, ‘अक्षर बारीक होतं’, ‘लेखक सारखा शिकवत होता’ ही तीन कारणं मी सगळ्यात जास्त ऐकलीत. यातलं एकही विषयाबद्दल नाही, हे लक्षात घ्या. युद्धाचं पुस्तक सोडणाऱ्याला युद्ध नको असतं असं नाही. त्याला एका पानावर ११ सेनापती नको असतात.

मग पुस्तक हातात घ्या आणि ते खरंच नवं आहे का ते बघा. मुखपृष्ठ नवं असणं वेगळं. आतलं कॉपीराइटचं पान उघडा: पहिली आवृत्ती कधीची, अनुवाद असेल तर मूळ पुस्तक कुठल्या सालचं. काही विषयांत फरक पडत नाही, काहींत फार पडतो. चौदाव्या शतकातल्या प्लेगच्या महामारीचं घ्या. किर्गिझस्तानात इसिक-कूल सरोवराजवळच्या दफनभूमीत १३३८-३९ सालचे थडग्यांचे दगड सापडलेत, आणि ‘रोगसाथीने मृत्यू’ असं त्यांतल्या काहींवर कोरलेलं आहे. तिथल्या सांगाड्यांच्या दातांत प्लेगच्या जंतूचा डीएनए मिळाल्याचं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. साथ सुरू कुठून झाली याच्या चर्चेला त्यामुळे वेगळं वळण मिळालं. म्हणून त्या विषयावर २०१५ चं पुस्तक ‘नवीन’ म्हणून देताना मी तसं सांगून देते. पुस्तक वाईट नसतं, या प्रश्नावर जुनं झालेलं असतं.

स्मृतिवर्षाला निघणाऱ्या पुस्तकांबाबत थोडं सावध राहा. २०१४ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला १०० वर्षं झाली आणि त्या विषयावरच्या पुस्तकांचा पूर आला. त्यात काही वर्षानुवर्षं खपून लिहिलेली होती, काही तारीख गाठायला उरकलेली. उरकलेलं पुस्तक ओळखायची माझी खूण साधी आहे: शेवटची प्रकरणं पहिल्यांच्या निम्मीही नसतात.

आता खरेपणाचं. आपण काही त्या विषयातले तज्ज्ञ नसतो, सगळं तपासता येत नाही. पण प्रत्येक विषयात एखादी अशी गोष्ट असते की जी सगळे ऐकून सांगतात आणि फार थोडे पडताळतात. ती एक माहीत करून ठेवायची आणि पुस्तकात थेट तिथेच जायचं. रोगराईच्या इतिहासासाठी माझी ठरलेली जागा म्हणजे लंडनमधला ब्रॉड स्ट्रीटचा पंप. १८५४ मध्ये तिथे कॉलरा पसरला. जॉन स्नो या डॉक्टरने मेलेल्यांची घरं शोधून काढली, बहुतेक जण त्याच पंपाचं पाणी पीत होते हे दाखवलं, आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. इथवर सगळी पुस्तकं बरोबर असतात. पुढचं वाक्य बघायचं. ‘दांडा काढला आणि साथ थांबली’ असं असेल, तर लेखकाने स्नोचं स्वतःचं लिखाण उघडलेलं नाही. दांडा काढायच्या आधीच साथ ओसरू लागली होती, लोक मोहल्ला सोडून पळाले होते, आणि तोवर पंपाखालच्या विहिरीत कॉलऱ्याचं विष उरलं होतं की नाही हे ठरवता येत नाही, असं स्नोनेच लिहून ठेवलंय. यामुळे स्नोचं काम तसूभरही कमी होत नाही, उलट हा माणूस स्वतःच्या बाजूने सुद्धा जास्त बोलत नव्हता हे कळतं. ज्या लेखकाला हे ठाऊक असतं त्याच्या बाकीच्या ४०० पानांवर मी बऱ्यापैकी भरवसा टाकते. चुकलेल्याला लगेच बाद करत नाही, पण आणखी दोन ठिकाणी उघडून बघते.

नेपोलियनच्या पुस्तकात उंची बघते. ‘बुटका’ म्हटलं असेल तर कान टवकारते. त्याची फ्रेंच मापातली पाच फूट दोन इंच म्हणजे आजचे साधारण १६८ सेंटिमीटर, कारण फ्रेंच इंच इंग्रजी इंचापेक्षा मोठा होता. त्या काळच्या पुरुषांत तो ठेंगणा नव्हता.

मागची पानंही चाळा. संदर्भसूची असावी, तळटीपा किंवा टिपा असाव्यात, नावांची सूची असेल तर उत्तम. अनुवादात हे सगळं पुष्कळदा छाटलेलं असतं, का ते मला आजवर कळलेलं नाही. नकाशा असेल तर एक चाचणी करा: मजकुरातली कुठलीही तीन गावं नकाशावर सापडतात का? दोन तरी सापडावीत. आणि ‘ज्याने जग बदललं’ असं उपशीर्षक असेल तर पुस्तक परत ठेवायची गरज नाही, पण एक भुवई वर असू द्या. मसाल्याने, खिळ्याने, कोळशाने, सगळ्यांनीच आतापर्यंत जग बदलून झालंय.

पहिलं प्रकरण वाचून मत बनवू नका. ते घासूनपुसूनच लिहिलेलं असतं. बरोबर मध्यावर उघडा आणि सलग चार पानं वाचा. तिथे कोणी माणूस काही करताना, घाबरताना, हिशेब लिहिताना दिसतो का? काकांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळतं.

सुचवताना मी पुस्तकात एक चिठ्ठी ठेवते. ‘अप्रतिम’, ‘संग्राह्य’, ‘प्रत्येकाने वाचावं असं’ हे शब्द चिठ्ठीत बंद, कारण ते कुठल्याही पुस्तकाला लागतात. समजा टांबोरा ज्वालामुखीवरचं पुस्तक आहे, तर चिठ्ठी अशी असते: ‘१८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावर टांबोरा फुटला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही, पिकं बुडाली. डोंगर फुटण्यापासून पावाच्या टंचाईपर्यंत कसं पोचायचं, हे पुस्तक नीट दाखवतं. मधली हवामानशास्त्राची ४० पानं जड आहेत, चाळलीत तरी धागा तुटत नाही. बेटावरच्या लोकांबद्दल फार थोडं आहे, त्यासाठी दुसरं बघावं लागेल.’ कुठे कंटाळा येईल ते आधीच सांगितलं की लोक तिथे थांबत नाहीत, ओलांडून जातात. हे मला फार उशिरा कळलं.

देऊन झालं की संपलं असं समजू नका. माझी एक वही आहे: कोणाला काय दिलं, कुठल्या पानावर सोडलं. काकांच्या नावासमोर आतापर्यंत नऊ नोंदी आहेत, त्यांतली पाच पुस्तकं त्यांनी पूर्ण केली. गेल्या आठवड्यात ते स्वतःच एक नवं पुस्तक घेऊन खिडकीशी आले. आत चिठ्ठी होती, बसच्या तिकिटाच्या पाठीवर लिहिलेली: ‘नकाशे बरे. सातवं प्रकरण सोडा. माणसं आहेत.’