अष्टमुडीतला परका शिंपला कसा ओळखावा

केरळच्या कोल्लमजवळील अष्टमुडी कायलात, म्हणजे समुद्राला जोडलेल्या खाऱ्या पाण्याच्या सरोवरात, मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेचा 'मायटेला स्ट्रायगाटा' हा शिंपला आता एवढा माजला आहे की तेथील मच्छीमार त्याला 'वरत्तन कक्का', म्हणजे परका शिंपला, या नावानेच ओळखतात. २०१९ पासून त्याच्या शास्त्रीय नोंदी अष्टमुडी आणि केरळातलेच दुसरे कायल वेंबनाड या दोन्ही ठिकाणांहून प्रसिद्ध झाल्या आहेत.

शोध ओहोटीला घ्यावा. धक्क्याचे खांब, जाळ्यांचे दोर, बांबूच्या खुंट्या आणि कालवांच्या पाठी ही त्याची आवडती ठिकाणे असून तेथे तो चिकट तंतूंनी एकमेकांना बिलगलेल्या दाट झुबक्यांत सापडतो. पुष्कळशा गोड्या पाण्यातही तो तग धरतो, त्यामुळे समुद्राच्या तोंडापासून दूर असलेल्या जागाही पाहाव्यात.

नवखा माणूस हमखास फसतो तो रंगाला. एकाच झुबक्यात काळे, तपकिरी, हिरवट आणि नागमोडी रेषांचे शिंपले शेजारी शेजारी बसलेले असतात. शिवाय आपल्या शिनाण्यांचे, म्हणजे हिरव्या शिंपल्यांचे, लहान पिल्लूही हिरवट असल्याने बाहेरून पाहून निकाल देणे धोक्याचे. म्हणून शिंपला उघडावा, मांस खरवडून काढावे, आतली बाजू ओल्या फडक्याने पुसावी आणि ती उजेडाकडे तिरकी धरावी. परक्या शिंपल्याच्या आत बहुधा जांभळट, चमकदार झाक दिसते, तर शिनाण्यात ती फिकट, निळसर-हिरवी असते. त्यानंतर भिंगातून निमुळते टोक तपासावे: परक्यात तेथे बारीक दात असतात आणि पुढच्या स्नायूचा लहानसा वण उमटलेला असतो. पूर्ण वाढलेल्या शिनाण्यात हा पुढचा स्नायूच नसतो, त्यामुळे वणही नसतो. माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण हीच.

आणखी एक सोंगाड्या आहे: 'मायटिलॉप्सिस सॅली' हा दुसरा परका शिंपला. मुंबई आणि विशाखापट्टणमच्या बंदरांत तो फार पूर्वीच येऊन बसला आहे. तो सहसा अडीच सेंटिमीटरच्या आतच राहतो, आणि उघडल्यावर टोकाखाली कप्प्यासारखा छोटा पडदा दिसला की ओळख पटते. मायटेलात असा पडदा नसतो.

एकाच नमुन्यावर विसंबू नये. लहान-मोठे दहा-बारा शिंपले मोजपट्टी शेजारी ठेवून आतून व बाहेरून छायाचित्रांत टिपावेत, आणि जागा, तारीख व पाण्याची क्षारता लिहून ठेवावी. शंका उरल्यास काही नमुने तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवून डीएनए तपासणीसाठी सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेकडे द्यावेत. उरलेले शिंपले पाण्यात परत टाकू नयेत, आणि होडीचा तळ, दोर व बादल्या खरवडून, कडक उन्हात वाळवूनच दुसऱ्या खाडीत न्याव्यात.