आधी कंगवा, मग आंघोळ: शित्झूच्या केसांचा गुंता कसा सोडवावा

शित्झू या छोट्या, लांब केसांच्या जातीच्या कुत्र्याचे केस सतत वाढतात. गळलेला केसही खाली पडत नाही, बाकीच्या केसांत अडकून तिथेच गाठ धरतो. आमच्या पिल्लाला पहिल्या पावसाळ्यात मी रोज ब्रश करायचे, वरून केस अगदी रेशमासारखे दिसायचे. एकदा काखेत हात गेला तर अक्रोडाएवढी जट लागली, खाली कातडी लालभडक. जीव कळवळला. ब्रश नुसता वरवर फिरत होता.

स्लिकर ब्रश (बारीक, वाकड्या तारांचा), धातूचा कंगवा आणि पाण्यात थोडं कुत्र्यांचं कंडिशनर घातलेली स्प्रे बाटली एवढं पुरतं. केस हलके ओले करा. पिल्लाला कुशीवर झोपवा, एका हाताने केस वर धरा आणि भांग पाडल्यासारखी कातडी दिसेल अशी एकच ओळ खाली सोडा. ती आधी टोकाकडून, मग मुळापासून विंचरा. मग पुढची ओळ. शेवटी कंगवा घाला. अडकला तर गुंता अजून आहे. कानामागे, काखेत, जांघेत आणि शेपटीखाली हटकून बघा.

गाठ सापडली की तिच्या मुळाशी केस चिमटीत धरा, म्हणजे कातडी ओढली जात नाही. बोटांनी थोडी थोडी मोकळी करा. कात्री मात्र लावू नका. जटेत कातडी वर खेचलेली असते, ती सहज कापली जाते. घट्ट बसलेली जट ग्रूमरकडून (कुत्र्यांचे केस कापणाऱ्याकडून) किंवा डॉक्टरांकडून मशीनने काढून घ्या.

आंघोळ गुंता निघाल्यावरच. ओली जट सुकताना आणखी आवळते. शॅम्पू कुत्र्यांचाच घ्या, आपली त्वचा त्यांच्यापेक्षा आम्लधर्मी असते. पंच्याने रगडू नका, टिपून घ्या. मग कोमट हवेच्या ड्रायरने विंचरत मुळापर्यंत वाळवा. पावसात फिरून आल्यावर पोट आणि पायांची बोटंही कोरडी करा, त्याच वेळी गोचीड आहे का तेही चाचपा.

खोबरेल तेल चोपडण्याचा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही: त्यावर धूळ बसते आणि कुत्रा ते चाटत बसतो. त्यापेक्षा खाण्याकडे बघा. केस प्रथिनांचेच बनतात, नुसत्या दूध-पोळीवर ते निस्तेज होतात.

आणि रात्री गळ्यातला पट्टा काढून ठेवा. त्याच्याखालचा गुंता सगळ्यात उशिरा लक्षात येतो.