अमेरिकेतल्या कॉलेजचा अर्ज भरताय? या चुका टाळा

१ ऑगस्टला कॉमन ॲपचं (एकच अर्ज भरून अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांना पाठवायची वेबसाइट) नवं वर्ष सुरू होतं आणि गणपती विसर्जन झालं की माझ्याकडे निबंध यायला लागतात. कुणाची भाची, कुणाच्या सोसायटीतला मुलगा. ‘मावशी, जरा नजर टाकाल का?’ मी पैसे घेत नाही, त्यामुळे स्पष्ट बोलायची मुभा असते. तर स्पष्टच सांगते: बहुतेक मसुद्यांवरचं नाव झाकलं, तर तो कुणाचा हे मलाही ओळखता येणार नाही. पुण्याची मुलगी घ्या की नाशिकचा मुलगा, दोघांनाही लहानपणापासून तंत्रज्ञानाची ओढ, दोघंही अपयशातून शिकलेले, दोघांनाही समाजासाठी काहीतरी करायचंय.

मग आई-बाबा विचारतात, उठून दिसायला आणखी काय करू? एखादा कोर्स, एखादी एनजीओ, परदेशातलं समर स्कूल? अहो, आणखी काही नको. पोराकडे जे आहे तेच अर्जात दिसत नाहीये, आणि बऱ्याचदा त्यानं ते स्वतःच झाकून ठेवलेलं असतं.

‘हे गावाकडचं आहे, त्यांना काय कळणार?’

कॉमन ॲपच्या मुख्य निबंधाला कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त ६५० शब्द. एका मुलीला अर्थशास्त्र शिकायचं होतं. तिचा मसुदा सुरू व्हायचा तो असा: ‘अर्थशास्त्र ही आकड्यांमागच्या माणसांची कहाणी आहे, हे मला नेहमीच भावलं आहे.’ (मूळ इंग्रजीत, मी मराठीत सांगतेय.) पुढे डिबेट, मॉडेल यूएन, दोन ऑनलाइन कोर्स. मी फोन करून विचारलं, ‘अर्थशास्त्राचं हे खूळ आलं कुठून?’

‘काय माहीत. आजोबांबरोबर सांगोल्याच्या बाजाराला जायचे, तेव्हापासून असेल.’

जनावरांचा बाजार. बैलाचा सौदा टॉवेलखाली होतो. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात धरतात, वरून टॉवेल टाकतात आणि बोटांवर भाव ठरतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही आकडा कळत नाही. ही तेव्हा आठ-नऊ वर्षांची. ‘किती म्हणाला?’ विचारलं तर आजोबा गाडीत बसेपर्यंत तोंड उघडायचे नाहीत. शेजारच्याचा बैल कितीला गेला हेच ठाऊक नसेल तर आपल्या बैलाचा भाव बरोबर की चूक, हे कळायचं कसं? हा प्रश्न तिच्या डोक्यातून कधी गेलाच नव्हता.

‘अगं, मग हे लिही की!’

‘हे? हे गावाकडचं आहे मावशी. त्यांना काय कळणार?’

नेमकी इथे माशी शिंकते. जे खास आपलं, ते आपल्याला अर्जात शोभण्यासारखं वाटत नाही. मग आपण ते काढून टाकतो आणि जागा भरायला सगळ्यांकडे असतं तेच आणतो. तिनं टॉवेल लिहिला, आजोबांचं गप्प बसणं लिहिलं. दुसऱ्या मसुद्यात मात्र शेवटी जागतिकीकरणावर एक परिच्छेद चिकटवला होता, तो मी उडवायला लावला. शेवटी बोध काढायची सवय आपल्याला शाळेतल्या निबंधांनी लावलीय, ती सुटता सुटत नाही.

अडकलात तर असं करून बघा. लिहायचं थांबवा आणि घरातल्या कुणाला तरी तीच गोष्ट मराठीत तोंडी सांगा, फोनवर रेकॉर्ड करा. समोरचा ज्या ठिकाणी ‘मग?’ म्हणतो, तिथून निबंध सुरू करायचा.

अनाथाश्रमाला दिलेली एक भेट आणि त्यातून झालेला साक्षात्कार कृपा करून लिहू नका. आजारपण किंवा मृत्यू लिहायला हरकत नाही, पण निबंधात तुम्ही दिसायला हवेत, नाहीतर वाचणारा तुमच्या आजीला प्रवेश देईल. आणि एआयकडून लिहून घेतलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं कॉमन ॲपच्या नियमांत फसवणुकीत मोडतं. नियम बाजूला ठेवला तरी तो मजकूर ओळखू येतोच: सगळी वाक्यं इस्त्री केलेली आणि एकाही वाक्याला वास नाही.

दहा रकाने आणि १५० अक्षरं

उपक्रमांच्या यादीत दहा जागा असतात. दहाही भरायलाच हव्यात असं नाही. प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला १५० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. एवढ्याशा जागेत ‘नेतृत्वगुण विकसित झाले’ लिहिणं म्हणजे जागेची नासाडी. एका मुलानं लिहिलं होतं: ‘गणेश मंडळात सक्रिय सहभाग, सांघिक कार्य व नेतृत्व शिकलो.’ तासभर बोलल्यावर कळलं की वर्गणीचा हिशेब दरवर्षी वहीत चुकायचा आणि भांडणं व्हायची, म्हणून यानं दोन वर्षं १८० घरांच्या पावत्या स्प्रेडशीटवर ठेवल्या आणि विसर्जनानंतर हिशेब जिन्यातल्या फळ्यावर लावला. मग रकान्यात एवढंच गेलं: ‘१८० घरांच्या वर्गणीचा हिशेब स्प्रेडशीटवर, जमाखर्च जाहीर लावायची पद्धत सुरू केली.’ शिकलो-बिकलो काही नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे हमखास सुटते. या यादीत उपक्रमाचा प्रकार निवडावा लागतो आणि त्यात कौटुंबिक जबाबदारी असाही प्रकार आहे, पगारी कामाचाही आहे. आईच्या डब्यांच्या ऑर्डरी घेणं, धाकट्या भावाचा रोजचा अभ्यास, बाबांच्या दुकानावर संध्याकाळी बसणं, आजोबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेणं, हे सगळं तिथे बसतं. ‘हे काय सांगायचं, घरचंच तर आहे’ म्हणून मुलं ते गाळतात आणि तीन दिवसांच्या कार्यशाळेचं सर्टिफिकेट घालतात.

प्रत्येक उपक्रमापुढे आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडे विचारतात. भरून झालं की बेरीज करा. एका अर्जात ती आठवड्याला ७१ तास आली होती, शाळा आणि क्लास वेगळे! अकरावीत स्थापन होऊन अर्ज गेल्यावर झोपी गेलेल्या एनजीओबद्दल मी काही बोलत नाही, वाचणाऱ्यांनी तशा पुष्कळ पाहिलेल्या असतात.

‘तूच लिहून आण, मी सही करतो’

शिफारसपत्र मागायला गेलं की सर हे प्रेमानं म्हणतात, वाईट हेतू नसतो. वर्गात १२० मुलं, शिफारसपत्राचा अनुभव म्हणजे चारित्र्याचा दाखला. त्यामुळे पत्र सरांनी लिहिलं तरी ‘कष्टाळू, प्रामाणिक, आज्ञाधारक’ यापुढे जात नाही. आज्ञाधारक हा शब्द आपल्याकडे कौतुकाचा. वर्गात वाद घालणारं, प्रश्न विचारणारं पोर शोधणाऱ्या कॉलेजला त्यातून काहीच कळत नाही. आणि पत्र तुम्हीच लिहिलंत, तर तीच भाषा निबंधात आणि तीच पत्रात, हे लपत नाही. शिवाय ती लबाडी आहे, प्रवेश मिळाल्यावर उघडकीला आली तरी प्रवेश जाऊ शकतो. सरांच्या नावानं जीमेल खातं काढून पत्र स्वतःच अपलोड करणारेही आहेत. तसलं काही करू नका.

त्याऐवजी जून-जुलैतच सरांना भेटा, घाईच्या दिवसांत नको. सोबत एक पानाचा कागद न्या. त्यात गुण आणि बक्षिसं लिहू नका, सरांच्याच तासाला घडलेले दोन-तीन प्रसंग लिहा: टायट्रेशन तिसऱ्यांदा चुकलं तेव्हा काय केलं, कुठल्या गणितावरून तास संपल्यावरही सरांना थांबवून ठेवलं. ‘सर, तुम्हाला आठवत असेल तर यातलं वापरा’ म्हणा. पत्र त्यांनाच लिहू द्या. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, प्रसंग खरा हवा. कॉमन ॲपवरून त्यांना लिंक जाते, ती बऱ्याचदा स्पॅममध्ये पडते. ती शोधायला मदत करा आणि बाजूला व्हा. पत्र पुढे स्वतः पाहण्याचा हक्क सोडता का, असंही अर्जात विचारतात. तो सोडलेला बरा, नाहीतर पत्राचं वजन कमी होतं.

‘इंटिग्रेटेड’वाल्यांची पंचाईत मोठी. कॉलेज कागदावर, शिकवणी क्लासमध्ये, कॉलेजच्या सरांनी तुम्हाला पाहिलेलंच नाही. क्लासच्या सरांचं पत्र काही कॉलेजं ‘इतर शिफारस’ म्हणून घेतात, पण अकरावी-बारावीच्या शिक्षकाची जागा ते भरून काढत नाही. या वाटेनं जायचं मनात असेल तर अकरावीपासून प्रॅक्टिकलला तरी जात जा.

अर्जात कॉलेजच्या समुपदेशकानं भरायचा भागही असतोच. राज्य मंडळाच्या बहुतेक ज्युनिअर कॉलेजांत समुपदेशक नसतो, प्राचार्य किंवा उपप्राचार्य ते काम करू शकतात. त्यांच्याकडून कॉलेजच्या लेटरहेडवर एक पान लिहून घ्या: कुठलं मंडळ, वर्गात मुलं किती, अकरावीचे पेपर कॉलेजच काढतं आणि कडक तपासतं की कसं. तुमचे अकरावीचे ६४ टक्के या पानाशिवाय नुसतेच ६४ टक्के दिसतात.

कागदपत्रं

अमेरिकेतली कॉलेजं नववी ते बारावी, चारही वर्षं बघतात. आपल्याकडे दहावीनंतर शाळा बदलते, म्हणून मुलं अर्जात फक्त ज्युनिअर कॉलेज टाकतात आणि शाळा विसरतात. नववीचं प्रगतिपुस्तक माळ्यावरच्या कुठल्या ट्रंकेत आहे ते आत्ताच बघून ठेवा. टक्क्यांचं जीपीए (तिकडच्या पद्धतीची सरासरी श्रेणी) स्वतः करू नका, आहेत तसे टक्के द्या. नाव पासपोर्टप्रमाणे, सगळीकडे तेच. मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, त्यामुळे एका कागदावर देशमुख हे पहिलं नाव आणि दुसऱ्यावर शेवटचं, असा घोळ होतो.

काही कारणानं एखादं वर्ष बिघडलं असेल तर ‘अतिरिक्त माहिती’ची जागा त्यासाठीच आहे. २०२५ मध्ये तिथली मर्यादा ६५० वरून ३०० शब्दांवर आणली. काय झालं, कधी, मग काय केलं. रडगाणं नको.

‘आमचंच कॉलेज का?’

मुख्य निबंधाशिवाय कॉलेजं वेगळा मागतात, त्या या पुरवणी निबंधाची परीक्षा सोपी. कॉलेजचं नाव खोडून दुसरं घाला. वाक्य तरीही चालत असेल तर ते काढा. ‘जागतिक दर्जाचे प्राध्यापक, वैविध्यपूर्ण कॅम्पस’ कुठेही चालतं. अभ्यासक्रमाची पानं उघडा, एक विषय असा शोधा की जो तुमच्या एखाद्या खऱ्या प्रश्नाला जाऊन भिडतो. आमच्या सांगोलावालीला लिलावांवरचा एक कोर्स सापडला, निबंध तिथेच निम्मा झाला. आणि हो, एका कॉलेजच्या निबंधात दुसऱ्याचं नाव राहून जाणं हा विनोद नाही, दरवर्षी होतं.

इंग्लंडलाही अर्ज करणार असाल तर हा सगळा मालमसाला तिकडे ओतू नका. यूकासच्या (तिकडचे अर्ज एकत्र घेणारी संस्था) निवेदनाला एकूण ४००० अक्षरं, आणि २०२६ च्या प्रवेशापासून ते तीन प्रश्नांत विभागलंय. तिथे मुख्यतः विषयाबद्दल बोलायचं: काय वाचलंत, कशावर विचार केलात. बाजारातला टॉवेल तिथे एका वाक्यात उरकायचा आणि पुढे भाव कसे ठरतात यावर जे वाचलंय त्याकडे वळायचं. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज वेगळा: आठ प्रश्नांतले चार, प्रत्येकी ३५० शब्द, आणि सॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण प्रवेशासाठी ते बघतही नाहीत.

शेवटची रात्र

‘अजून तिकडे सकाळच आहे, वेळ आहे’ हा भ्रम काढून टाका. कॉमन ॲपवर रात्री ११:५९ म्हणजे अर्जदार जिथे आहे तिथले ११:५९. तुम्ही सोलापुरात असाल तर सोलापूरचे. लवकरच्या फेरीची मुदत बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबर असते, म्हणजे दिवाळीच्या आसपास. २०२४ मध्ये तर लक्ष्मीपूजनच १ नोव्हेंबरला होतं. सर गावाला, कॉलेज बंद, प्राचार्यांचा फोन लागत नाही. सरांकडची कामं घटस्थापनेपर्यंत उरकली पाहिजेत.

लवकरच्या फेऱ्यांत अर्ली डिसिजन बंधनकारक असते, मिळालं की जावंच लागतं. शिष्यवृत्त्यांची तुलना करूनच ठरवायचं असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

फी भरली म्हणजे अर्ज गेला असं नाही. त्यानंतर सही करून सबमिट दाबावं लागतं, आणि त्याआधी पीडीएफ शेवटपर्यंत वाचायची. मग कॉलेजकडून पोर्टलची मेल येते. त्या पोर्टलवर कुठला कागद पोचला नाही ते दिसतं, म्हणून तिथे दर आठवड्याला डोकवा. ज्या ईमेलवरून अर्ज केलात तो रोज उघडता ना, हेही बघा. एका पोरानं आठवीत काढलेला ईमेल दिला होता, त्याचा पासवर्ड फक्त त्याच्या मित्राला माहीत होता.